बिरूतात्यांचं कुस्को

कुस्को शहरात पाऊल ठेवल्यावर पहिल्याच तासाला मी दगडी पायऱ्यांची एक गल्ली पळत चढलो. ही चूक होती.

पेरू देशातलं हे डोंगरातलं गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ साडेतीन हजार मीटर उंच आहे, हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, विमानात मी बिरूतात्यांना त्यावर पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. हवा विरळ असते, पहिल्या दिवशी सावकाश चालायचं, घोट घोट पाणी प्यायचं, वगैरे. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे घाटच की. घाटात मेंढरू पळवलं की पोटातलं समदं भाईर येतंय." मी हसलो. त्यांना विज्ञान समजलं नाही असं मला वाटलं.

पळालो तो कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी. वरून लाल कौलांची उतरंड, चर्चचे घुमट आणि मागचे पिवळे डोंगर एका चौकटीत घेऊन "नमस्कार मित्रांनो" म्हणायचं होतं. केजच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. तिथल्या स्टाफरूममध्ये माझ्याविषयी जो गैरसमज आहे, तो दूर करण्याची अशी संधी पुन्हा आली नसती. तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. अकरा सेकंदांचा. पहिली सहा सेकंदं मी आहे, पुढची पाच सेकंदं निळंभोर आभाळ.

शुद्धीवर आलो तेव्हा एका चर्चच्या दाराशी आडवा होतो, आणि विमानातला नाश्ता माझ्या शर्टवर होता. दोन माणसांनी मला धरून खाली आणलं. गल्लीच्या तोंडाशी तात्या उभे होते. डोक्याला लाल मुंडासं, अंगात पांढरी बंडी, खांद्यावर काळी घोंगडी. त्यांनी मला गुरांच्या डॉक्टरसारखं न्याहाळलं. खालची पापणी ओढून पाहिली, तोंड उघडायला लावलं आणि निदान सांगितलं.

"सर, तुमचं मेंढरू झालं."

*

बिरूतात्या धारूरजवळच्या एका वाडीचे. बालाघाटाच्या कडेला पावसाळा काढायचा, दिवाळी झाली की दीडशे-दोनशे मेंढरं घेऊन खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचं, आणि मृग जवळ आला की परत वर. हे त्यांनी पन्नासएक वर्षं केलं. आमची ओळख धारूरच्या घाटातच झाली. मी स्कूटरवर, समोर रस्ताभर मेंढरं. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. एक उंच, काटकुळा माणूस कळपातून वाट काढत माझ्याजवळ आला आणि अगदी अदबीनं विचारलं, "हे हारन मला हाय का मेंढरांला?"

"मेंढरांना," मी म्हणालो.

"मंग वाजवा. त्यान्ला कळत न्हाई, पन तुमचं मन तरी मोकळं व्हईल."

मी स्कूटर बंद केली. अर्धा तास त्या घाटात आम्ही बोलत बसलो. बोलत होतो मी, ते टकळीवर लोकर कातत होते. चालताना, बसताना, कुणी मेलेल्याच्या घरी भेटायला गेले तरी त्यांच्या हातात टकळी असायची. पुढे त्यांचे कागद वाचून दाखवणं, अर्ज लिहून देणं हे माझं काम झालं. त्या बदल्यात ते मला माझी चूक सांगत. दोन्ही कामं भरपूर होती.

कुस्कोला मेंढपाळांचा एक मेळावा भरणार होता. देशोदेशीचे, जनावरं घेऊन फिरणारे लोक तिथं जमणार होते. पुण्याच्या एका संस्थेनं मराठवाड्यातून एक जाणता माणूस शोधायचं ठरवलं, आणि विचारत विचारत ते तात्यांपर्यंत पोचले. जाण्यायेण्याची सोय त्यांची. भाषेसाठी सोबत एकजण हवा होता. मी स्वतःचं नाव स्वतःच सुचवलं. तिथली भाषा स्पॅनिश आहे आणि मला स्पॅनिशचं ओ का ठो येत नाही, ही गोष्ट माझ्याकडून संस्थेला कळवायची राहून गेली.

तात्या येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण ते लगेच हो म्हणाले, आणि त्याला कारण होतं. त्यांचा मुलगा सदा केज-धारूर रस्त्यावर जीप चालवतो. मेंढरं विकून टाका म्हणून तो दोन वर्षं तात्यांच्या मागं लागला होता. तात्यांचे गुडघे गेले होते. चरायची रानं कुंपणात गेली होती. त्यात मागच्या हिवाळ्यात रस्ता ओलांडताना एक ट्रक इतक्या जवळून गेला की तात्यांच्या खांद्यावरची घोंगडी त्यानं ओढून नेली. उमापूरचा एक गिऱ्हाईक अख्खा कळप घ्यायला तयार होता. दसऱ्याला त्याला शब्द द्यायचा होता.

"तितल्या लोकांचं काय चाललंय ते बगून येतो," तात्या सदाला म्हणाले, "मंग सांगतो."

निघायच्या आदल्या दिवशी सदा माझ्या घरी आला. चहा घेतला नाही. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "सर, तुमचं ऐकतेत ते. तितं त्यान्ला जरा समजून सांगा. मला मेंढरांचं काय न्हाई. पन एक दिवस मला फोन येईल आन रस्त्यावरून मला माझा बाप उचलावा लागंल. तेवढं व्हाय नको."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "तू काळजी करू नको, मी बघतो."

ही दुसरी चूक. पण ती चूक आहे हे कळायला मला कुस्कोच्या चौकात चार दिवस काढावे लागले.

*

पहिल्या दिवसाकडे परत येतो.

मला आमच्या मुक्कामाच्या खोलीत नेऊन निजवलं. खोली दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या चौकावर उघडणारी, तिला लाकडी कोरीव सज्जा. कोणीतरी कोकाच्या पानांचा चहा, उंची बाधल्यावर तिथं देतात तो, आणून दिला. तो प्यायलो आणि मला असं वाटू लागलं की मी पलंगावर नसून पलंगाच्या किंचित वर आहे. खिडकीतून चौक दिसत होता. मधोमध कारंजं, दोन बाजूंना प्रचंड चर्चं, सगळीकडे विटकरी दगड. ऊन इतकं स्वच्छ की माणसांच्या सावल्या माणसांपेक्षा ठळक दिसत. घंटा वाजली की तिचा आवाज एकदम कानात येत नसे. डोंगरावर जाऊन, तिथं थोडा टेकून मग खाली येई. ढगांच्या सावल्या समोरच्या पिवळ्या उतारावरून सावकाश सरकत होत्या. तापातल्या माणसाला दिसतं तसं मला ते मेंढरांचे कळप वाटले, आणि ते बालाघाट उतरून इथं कसे आले याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

आणि चौकाच्या कडेला, सगळ्यात खालच्या पायरीवर, तात्या बसले होते.

चौकाच्या आत पाऊल न टाकता. खोली आमची त्याच चौकात होती. तात्या मला कडेकडेनं खोलीपर्यंत पोचवून पुन्हा कडेला जाऊन बसले होते. मला ती त्यांची खोड माहीत होती. नव्या गावात कळप घेऊन गेलं की तात्या आत शिरत नसत. शिवेवर बसून राहायचे. गावातलं कुणीतरी येऊन "कुठले?" म्हणून विचारीपर्यंत. कधी अर्धा तास, कधी अर्धा दिवस. मी एकदा विचारलं होतं, "कावून हो, तात्या?" तर म्हणाले, "गावाला बगू द्यावं की कोन आलंय ते. आपन काय चोर हाय का दबकत शिरायला? आन पाव्हनं बी न्हाई धडाधडा घुसायला."

पण तिथं गाव होतं कुस्को. जगभरचे हजारो प्रवासी रोज तिथं धडाधडा घुसतात. कोण विचारणार? मी सज्ज्यातून हात हलवला, हाका मारल्या. माझा आवाज त्या हवेत दोन फुटांपलीकडे जात नव्हता. तास गेला, दुसरा गेला. तात्या टकळी फिरवत बसले होते. दोन-चार प्रवाशांनी त्यांचे फोटो काढले. त्यांना ते स्थानिक वाटले असावेत.

तिसऱ्या तासाला एक म्हातारी आली. डोक्याला उंच टोपी, दोन वेण्या, पाठीला रंगीत पट्ट्यांचं कापड, आणि छातीशी अल्पाकाचं एक पांढरं पिल्लू. उंटाची मान आणि मेंढीची लोकर दिली तर जसं जनावर होईल, तसं ते असतं. ती तात्यांसमोर उभी राहिली आणि काहीतरी मोठ्यानं बोलली. तात्यांनी टकळी थांबवली, उठून उभे राहिले, हात जोडले. त्यांचे ओठ हलले ते मला इतक्या लांबूनही वाचता आले: "धारूरचा."

मग ते चौकात आले. पहिल्यांदा उजवं पाऊल टाकून.

दुसऱ्या दिवशी मेळाव्याची एक मुलगी, इनेस तिचं नाव, आमच्या सोबत दिली होती. तिला इंग्रजी येत होतं, स्पॅनिशही आणि तिथल्या डोंगरातल्या लोकांची केचुआ भाषाही. तिनं त्या म्हातारीकडे चौकशी केली तेव्हा कळलं: म्हातारीचं नाव फेलिपा, आणि ती तात्यांना म्हणाली होती, "ही माझी बसायची जागा आहे. तू इथून उठणार आहेस की नाही?"

मी हसत हसत हे तात्यांना सांगितलं. ते मुळीच ओशाळले नाहीत.

"बराबर हाय," म्हणाले. "आमच्याकडं बी पयल्यांदा आसंच इचारतेत."

*

तीन दिवस आम्ही ते गाव पायाखाली घातलं. मी भिंतीला धरून, तात्या घाटाच्या चालीनं. शंभर पावलं, थांबा. शंभर पावलं, थांबा. त्या थांबण्यामुळेच मला ते गाव दिसलं. एरवी मी पाटी वाचून पुढं गेलो असतो. अरुंद गल्ल्या, मधून पाणी वाहून जायला पन्हळ, निळे दरवाजे, आणि भिंती. खालची अर्धी भिंत जुन्या इंका लोकांची, काळ्या गुळगुळीत दगडांची, दगडादगडांत सुईसुद्धा शिरणार नाही. तिच्यावर मागून आलेल्या स्पॅनिश लोकांनी बांधलेली पांढरी भिंत, सज्जे, चर्चं. मी तात्यांना इतिहास सांगत होतो: सातासमुद्रापलीकडून आलेले लोक, घोडे, बंदुका, पाडलेली देवळं. ते ऐकत नव्हते. त्यांनी एका दगडावर तळवा ठेवला होता, मेंढीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"हे खालचे बसलेत," ते म्हणाले. "वरचे ठिवलेत."

मी वहीत लिहून घेतलं. इतिहासाच्या आमच्या प्राध्यापकांना मी हे वाक्य पुढे स्वतःचं म्हणून ऐकवलं. त्यांना आवडलं.

मेळावा एका जुन्या मठात होता. मोठं अंगण, भोवती कमानी, आणि आत फेटे, टोप्या, कातडी कोट, उंच काठ्या यांची गर्दी. प्रत्येकाला थोडा थोडा वेळ बोलायचं होतं. तात्या उभे राहिले आणि म्हणाले, "मी बिरू. धारूरचा. मेंढरं राखतो. माझी मेंढरं कशी बोलवतो ते दाखवतो, तुमी बी दाखवा." एवढंच. मी त्याचं इंग्रजी केलं. करता करता मला सुचत गेलं. दख्खनचं पठार आलं, निजामाचा काळ आला, हवामानबदल आला, मानव आणि निसर्ग यांचं नातं आलं. चार मिनिटांनी तात्यांनी माझी बाही ओढली.

"सर, मी येवढं म्हनलोच न्हाई."

मग त्यांनी हाक घातली. जिभेच्या मागून येणारी, लांबत जाणारी, शेवटी टाळूवर टिचकी मारल्यासारखी तुटणारी. मग कोपऱ्यातून एका मंगोल बाईनं तिची हाक घातली, पलीकडून एका आफ्रिकन माणसानं शीळ, मग सगळेच. त्या दगडी कमानींखाली जगातली सगळी जनावरं एकदम बोलावली जात होती आणि एकही येत नव्हतं. मला त्या विरळ हवेत पुन्हा गरगरल्यासारखं झालं. या खेपेला मात्र पायऱ्यांमुळे नव्हे.

*

मेळाव्याच्या वेळा सोडल्या की तात्या फेलिपापाशी असत. पहिल्या दिवसानंतर तिनं पायरीवर सरकून त्यांना जागा करून दिली होती. तिच्याही कमरेला टकळी होती. पुरुष माणूस सूत कातताना बघून तिला इतकं हसू आलं की आजूबाजूच्या बायांना तिनं हाका मारून बोलावलं. तात्यांनी तिचं सूत चिमटीत धरून पीळ पाहिला, तिनं त्यांचा पाहिला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. परीक्षकांनी हलवावी तशी, पास करणारी पण फार नाही. तात्या मराठीत बोलत, ती केचुआत. मी आणि इनेस बाजूला बसून शेंगा खात असू. आमची गरज पडत नसे.

प्रवासी येत, पिल्लाला कुरवाळत फेलिपाबरोबर फोटो काढून घेत, तिच्या हातावर काही ठेवून जात. तात्या हे बघत राहिले. चौथ्या दिवशी दुपारी, त्यांनी टकळी खाली ठेवली.

"सर, तिला इचारा. तिचा कळप कुटं हाय?"

मी इनेसला विचारलं, इनेसनं फेलिपाला. उत्तर उलट्या वाटेनं परत आलं. कळप विकला. सहा वर्षं झाली. नवरा गेला, मुलं खाली लिमा शहरात कामाला गेली, तिला एकटीला होईना, आणि विकला. असं एक पिल्लू तेवढं दरवर्षी कुणाकडून तरी आणते, मोठं झालं की परत देते.

एवढं मी नीट सांगितलं. तात्या बराच वेळ पिल्लाच्या कानामागं खाजवत राहिले.

"इकल्यावर कसं वाटलं ते इचारा."

आता हा प्रश्न साधा नव्हता. मला कळत होतं की दसऱ्याचा शब्द या पायरीवर ठरतोय. इनेसनं विचारलं. चर्चच्या घंटेचे ठोके पडले, डोंगरावर जाऊन परत आले. मग ती बोलू लागली, हळू, झोपी गेलेल्या पिल्लाकडे बघत, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. मधेच थांबली, पुन्हा बोलली. इनेसचाही आवाज बदलला होता. ती मला म्हणाली:

"ती सांगते, विकल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी उजाडताना उठले आणि जनावरांच्या वाड्याचं फाटक उघडायला गेले. फाटक उघडलं. मग ऊन वर येईपर्यंत तिथंच उभी राहिले, कारण पुढं काय करायचं ते मला येत नव्हतं. इथं गावात चांगलं आहे, पण झोप लागत नाही. आयुष्यभर मी रवंथाच्या आवाजात झोपले. इथं गाड्यांचा आवाज येतो, माणसांचा येतो, तो येत नाही. हे पिल्लू मी फोटोसाठी आणते असं सगळ्यांना वाटतं. रात्री ते माझ्या खाटेपाशी चघळतं."

तात्या माझ्याकडे बघत होते.

माझ्या कानात सदा होता. रस्त्यावरून मला माझा बाप उचलावा लागंल. त्या क्षणी मला खात्री होती की मी एका माणसाचा जीव वाचवतो आहे. मी घसा साफ केला.

"ती म्हणते तात्या, सुरुवातीला जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं. पण आता बरं आहे. गुडघ्यांना आराम आहे. मुलं निर्धास्त आहेत. झोप शांत लागते."

तात्यांनी फेलिपाकडे बघितलं. ती डोळ्यांच्या कडा पाठीवरच्या कापडाच्या टोकानं टिपत होती.

"लई येळ बोलत व्हती," ते म्हणाले.

"त्यांच्या भाषेत लांबतं."

"आस्सं."

मग त्यांनी हात पुढं करून तिच्या कुशीतलं पिल्लू उचलून आपल्या घोंगडीत घेतलं. फेलिपाचे दोन्ही हात मोकळे झाले. तिनं कमरेची टकळी काढली आणि कातू लागली. ऊन उतरेपर्यंत ती दोघं तशीच बसून होती. प्रवासी आले, त्यांना वाटलं पिल्लू आता या मुंडासेवाल्याचं आहे. तात्यांनी कुणालाही फोटो काढू दिला नाही. "चल बे," एका धिप्पाड गोऱ्याला ते म्हणाले, "झोपलंय ते." तो बिचारा "सॉरी" म्हणून गेला.

मी इनेसकडे बघण्याचं टाळलं. तिला मराठी येत नव्हतं. पण तिनं एवढं मोठं सांगितलेलं मी दोन ओळींत संपवलं होतं, हे मोजायला भाषा लागत नाही.

*

केजच्या स्टँडवर सदा जीप घेऊन आला होता. पाया पडला, सामान चढवलं, आणि स्टार्टर मारायच्या आधीच विचारलं, "काय ठरलं?"

"इकायची न्हाईत," तात्या म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

सदानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "सर, तुमाला कशाला धाडलं व्हतं मी?"

त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या जीपमध्ये बसलो तर माझ्या शेजारी हटकून एखादी बकरी बसवायचा.

दसऱ्याला उमापूरचा गिऱ्हाईक चहा पिऊन रिकामा परत गेला. दिवाळीनंतर तात्या कळप घेऊन नेहमीच्या वाटेनं खाली उतरले. सोबत त्यांच्या घरच्या, बायजाकाकू. त्या तर जन्मभर त्याच वाटेनं चालत आलेल्या. पुढच्या वर्षी तात्यांनी मेंढरं पुतण्याकडं अर्ध्या वाट्यानं राखायला दिली आणि स्वतः मोठ्या रस्त्यांपुरते सदाच्या जीपमध्ये बसून जायला कबूल झाले. बाप-लेकांची ती तडजोड मला फार उशिरा कळली. सदा सांगतो, म्हातारा जीपमध्ये बसून खिडकीतून मेंढरांना हाका मारायचा आणि मेंढरं जीपमागं यायची. तात्या गेले ते घरीच, वाडीत, एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर. रस्त्यावरून त्यांना कुणाला उचलावं लागलं नाही. त्यांना जाऊन आता दुसरं वर्ष लागलं.

पण मला शेवटी सांगायचंय ते त्याच्या आधीचं, कुस्कोहून आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातलं. पौषात बातमी आली की उमापूरच्या शिवारात तात्या बांधावरून घसरले, पाय मुरगळला. फार नव्हतं. पण मला चैन पडेना. मी खोटं बोललो ते त्यांनी मानलं नाही म्हणून पडले, की खोटं बोलल्यामुळेच हट्टाला पेटून उतरले? दोन्ही बाजूंनी दोष माझाच निघत होता. एका रविवारी मी स्कूटर काढली.

तळ एका काढलेल्या तुरीच्या रानात होता. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती. जाळीच्या आत सगळी मेंढरं पाय मुडपून बसलेली, तोंडं हलताहेत, आणि त्या दोनशे तोंडांचा तो बारीक, ओला, एकसारखा आवाज रानभर पसरलेला. मी कितीतरी वर्षं तात्यांच्या तळांवर जात होतो; तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तात्या पायाला हळद बांधून उन्हात बसले होते. पलीकडे बायजाकाकू चुलीवर भाकरी थापत होत्या.

वाटेत मी भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

"तात्या, त्या बाईनं तुम्हाला सांगितलं होतं ते मी तुम्हाला सांगितलंच नाही," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. फाटक, ऊन, रवंथाचा आवाज, खाटेपाशी चघळणारं पिल्लू. या खेपेला मी एक शब्द वाढवला नाही. माझ्या आयुष्यातलं तेवढंच एक चोख भाषांतर असावं.

तात्यांनी मान हलवत ऐकलं, ओळखीची गोष्ट ऐकावी तसं. शेवटी टकळीचं सूत गुंडाळून मांडीवर ठेवलं.

"तिच्या हाताकडं बगितलं व्हतं का तुमी?" ते म्हणाले. "पिल्लू झोपल्यावर बी तिचा हात थांबत नव्हता. त्या हातानं सांगितलं की समदं. तुमी बोलत व्हता तवा मी तुमचं ऐकतच नव्हतो."

"मग तुम्ही मला तिथंच का नाही बोललात?"

"परमुलखात हाय मानूस, त्यात आजारी. कशाला बोलायचं?" मग चुलीकडं वळून त्यांनी आवाज दिला. "आयकलं का? सर म्हनतेत, त्यांनी मला तितं खोटं सांगितलं."

काकूंनी भाकरी उलटली. मान वर न करता म्हणाल्या, "आता आठवलं व्हय? ह्यांनी आल्या रातीच सांगितलं मला. मी तवाच म्हनलं ह्यान्ला, पुन्यांदा जायचं झालं तर सर नका नेऊ, मुका मानूस न्या. त्याला न्हाई आलं सांगायला तर गप तरी बसतंय."